डोळे मिटून काढलेली पाखरं

दवाखान्यातून घरी आले ते डोक्यावर लोकरीची टोपी, पायांत जाड मोजे आणि गळ्याभोवती मफलर अशा थाटात. जूनमधलं च्यायी शहरातलं ऊन, पाठीवरून घामाच्या धारा. टॅक्सीवाल्यानं आरशातून एकदा माझ्याकडे, एकदा सासूबाईंकडे पाहिलं आणि न सांगता एसी बंद केला. त्याच्या घरीही कुणीतरी असा बाळंतपणाचा महिना बसलं असणार.

"वारा लागायच्या आत वर चल," सासूबाई म्हणाल्या. वारा कुठला, साधं पान हलत नव्हतं. बाळाला छातीशी धरून त्या पुढे आणि त्यांच्यामागून मी, अशी आमची वरात पुढच्या दारानं तिसऱ्या मजल्यावर आणि तिथून थेट आतल्या खोलीत गेली. खोलीला एक खिडकी. खिडकीला बाहेरून लोखंडी पिंजरा, पिंजऱ्यापलीकडे हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत. तेवढंही दिसू नये म्हणून पडदा ओढलेला आणि पडद्याच्या कडा चिकटपट्टीनं भिंतीला डकवलेल्या. पंखा होता, पण त्याचं तोंड भिंतीकडे.

सासूबाई महिन्यासाठी म्हणून समुद्राकाठच्या गावाहून आल्या होत्या. माझे दिवस भरायच्या थोडं आधी येऊन त्यांनी घराचा ताबा घेतला. आल्या त्याच दिवशी मागच्या गॅलरीत उभं राहून जिना, दाराची दिशा, समोरची झाडं, सगळ्यांवर शेरे मारून झाले आणि संध्याकाळपर्यंत वॉर्डप्रमुखांच्या बायकोशी त्यांचं असं गूळपीठ जमलं, जे मला इतक्या वर्षांत जमलं नव्हतं. मी चिडकी आहे, त्या हट्टी आहेत. पो-शुन, माझा नवरा, दोघींच्या मध्ये न सापडता कामाच्या गावी राहतो आणि शनिवारी येतो. त्याला मी शहाणा म्हणते ते उगाच नाही.

महिनाभर केस धुवायचे नाहीत, गार पाण्याला हात लावायचा नाही, साधं पाणी प्यायचं नाही, स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. हे सगळं मला ठाऊक होतं आणि मी दातओठ खात कबूल केलं होतं. एक कलम तेवढं माझ्या कानावर आलं नव्हतं. बाळ मांडीवर झोपलेलं, तिचा कान जर्दाळूच्या फोडीसारखा दिसत होता, म्हणून मी पिशवीतून माझी चित्रवही काढली आणि पेन्सिल टेकवली. तेवढ्यात सासूबाई तिळाच्या तेलातल्या कोंबडीची वाटी घेऊन आल्या आणि लहान पोराच्या हातातून कात्री काढावी तशी पेन्सिल काढून घेतली.

"डोळे वापरायचे नाहीत," त्या म्हणाल्या. "वाचायचं नाही, शिवायचं नाही, फोन बघायचा नाही, चितारायचं तर मुळीच नाही. या महिन्यात डोळे ताणले की म्हातारपणी जातात."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"माझ्या डोळ्यांनी."

त्यांच्या दोन्ही डोळ्यांत दुधी साय आहे, ते मला माहीत होतं. मी आवाज खाली आणला आणि मला खरंच जे हवं होतं ते मागितलं. "बरं, चितारत नाही. पण रोज थोडा वेळ मला मागच्या गॅलरीत उभं राहू द्या. मला सावर बघायची आहे."

"कुठली सावर?"

"मागच्या बागेतली. वठलेली. तिच्यात पाचरंगीनं बीळ केलंय."

पाचरंगी म्हणजे आमचा तांबट. हिरवं अंग, पिवळं कपाळ, निळे गाल, गळ्याशी लाल ठिपका. म्हातारी माणसं त्याला रंगीत भिक्खू म्हणतात, कारण त्याची हाक देवळातल्या लाकडी ठोक्यासारखी येते. त्याला घर कोरायला मेलेलं लाकूडच लागतं. मागच्या वर्षी याच सावरीत एका जोडीनं पिल्लं काढली आणि मी गॅलरीतून रोज एक पान याप्रमाणे सगळं वहीत उतरवलं. नेमकी पिल्लं उडायची वेळ आली आणि ऑफिसनं मला तायपेला धाडलं. परत आले तर बीळ रिकामं. आमच्या निसर्गवहीच्या वर्गात शिकवणाऱ्या को बाईंचा एकच नियम आहे, स्वतः पाहिलं तेवढंच काढायचं. पाखराची शेपटी पानाआड असेल तर शेपटीची जागा कोरी सोडायची. म्हणून मी वहीचं शेवटचं पान कोरं ठेवलं. ते कोरं पान मला वर्षभर टोचत होतं. यंदा दोघांनी पहिली चोच मारली तेव्हापासून मी बघत होते. ते आळीपाळीनं आत बसू लागले आणि इकडे माझ्या पोटात कळा सुरू झाल्या. पिल्लं उडताना मला बघायची होती. बाकी मला त्या महिन्यात काही नको होतं.

हे सगळं मी सासूबाईंना सांगितलं. वाटी हातात धरून त्या ऐकत राहिल्या. मग वाटी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "बघून येते."

बराच वेळ आल्या नाहीत. आल्या तेव्हा माझ्याकडे न बघता बाळाचं पांघरूण नीट करू लागल्या.

"काय झालं? आहे ना?"

"आहे. तिथंच आहे तुझं पाखरू. सार पी आता, गार होतंय."

"मग मला एकदा जाऊ द्या."

"नाही म्हणजे नाही. वारा आहे तिकडे." आणि माझी चालू वही, मागच्या वर्षीची वही, पेन्सिली, सगळं उचलून त्या घेऊन गेल्या.

खोलीत दिवस आणि रात्र यांत फरक इतकाच की दिवसा बाहेरून कचऱ्याच्या गाडीचं गाणं यायचं. घामानं केस टाळूला चिकटलेले, अंगाला आल्याचा आणि तेलाचा वास, बाळ दुधासाठी रडायचं आणि मी छताकडे बघत पडायची. छतावर डाग होता. तो आधी बेडकासारखा वाटला, मग बदकासारखा, मग नुसता डाग. पाचरंगीची हाक ऐकू येते का म्हणून कान देऊन बसायची. काही नाही. एकदा विचारलं तर सासूबाई म्हणाल्या, "पिल्लं झाली की ती गप्प होतात ना गं? तुझ्याच तोंडून ऐकलंय." मी असं कधी बोलले ते मला आठवेना, पण गोष्ट खरी होती.

शनिवारी पो-शुन आला. मी त्याला कुजबुजत म्हटलं, "जरा गॅलरीत जा आणि ते झाड बघून ये."

"कुठलं झाड?"

"मागचं. सावर."

"तिथं झाड आहे?" तो म्हणाला आणि लेकीचे पाय मोजत बसला. या माणसाला मी लग्नाआधी वनस्पती उद्यानात भेटायला बोलवायची.

त्या संध्याकाळी माझा बांध फुटला. रडायचं ठरवलं नव्हतं, पण एकदा सुरू झालं ते थांबेना. सासूबाई धावत आल्या. मी त्यांना इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. "अगं रडू नकोस. काहीही कर पण रडू नकोस, रडणं तर चितारण्याहून वाईट." त्यांनी पदर नसलेल्या बाईनं करावं तसं स्वतःच्या बाहीनं माझे डोळे टिपले, हलक्या हातानं, काचेचे असावेत तसे. मग पलंगाच्या कडेला बसल्या आणि तह मांडला. रोज सकाळी त्या बघून येतील. मला येऊन सांगतील. आणि मला चितारायचंच असेल तर मी चितारावं, पण डोळे मिटून.

"डोळे मिटून कसं चितारणार?"

"तू चित्रकार ना? मी डोळे मिटून माशाचे काटे काढते."

मला हसू आलं. को बाईसुद्धा आमच्याकडून कागदाकडे न बघता रेघ ओढण्याचा सराव करून घ्यायच्या. तेव्हा निदान पाखराकडे बघायची मुभा असायची. पण बुडत्याला काडीचा आधार. मी हो म्हटलं.

तेव्हापासून रोज न्याहारीनंतर सासूबाई खाली जायच्या. परत यायच्या तेव्हा त्यांच्या कपड्यांना उदबत्तीचा वास असायचा. वाटेत देवळात डोकावत असतील, असं मी धरून चालले. मग पलंगाशी स्टूल घेऊन बसायच्या आणि एक बोट माझ्या पापणीजवळ धरायच्या. "मीट. नीट मीट, फटीतून बघू नकोस, मला कळतं."

"हवा कशी होती?"

"दमट. पाऊस येईल दुपारी."

मी अंदाजानं वर कोपऱ्यात लिहायची, दमट, दुपारी पाऊस.

"नर आला तो सरळ बिळाशी नाही गेला," त्या सांगायच्या. "आधी शेजारच्या फांदीवर बसला, इकडे बघितलं, तिकडे बघितलं. चोचीत नाकतोडा. मग गेला आत. आणि बाहेर येताना चोचीत भुसा. लांब नेऊन टाकला."

माझा हात थांबला. "भुसा? तो पिल्लांची घाण भुशात गुंडाळून बाहेर काढतो, आई. हे बघायला लोकांना दुर्बीण लागते. तुम्हाला दिसलं?"

"दिसलं म्हणून तर सांगते," त्या म्हणाल्या, जरा घाईनं. "काढ पुढे."

मला त्यांचा अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू. दुधी डोळ्यांची बाई, पण नजर होती. वहीत मी पाखरू काढायची ते चोच पोटात आणि पाय शेपटीला, असं काहीतरी व्हायचं. पान पुरं झालं की त्या वही घेऊन जायच्या, मला बघूही द्यायच्या नाहीत. वर्गाच्या रीतीप्रमाणे पानाच्या तळाशी, ज्यानं पाहिलं त्याचं नाव लिहायचं असतं. मी प्रत्येक पानावर आंधळेपणानं लिहायची, 'आईंनी पाहिलं.'

एके दिवशी माझ्या पायांना आल्याचं पाणी लावताना त्या आपण होऊन बोलल्या. "मला महिना मिळालाच नाही. पो-शुन झाला तेव्हा आमच्या घरी मण्यांच्या पर्सांचं काम यायचं. सासू म्हणाली, बसल्या जागी हात चालतात तर चालव. खाटेवर बाळ आणि मांडीवर मण्यांचं ताट. बारीक काळे मणी, काळा दोरा, खोलीत एक दिवा. त्यात रडायचे. रडत रडत ओवायचे." पाण्याचं भांडं त्यांनी बाजूला सरकवलं. "तेव्हाच ठरवलं होतं, माझ्या सुनेला एक महिना असा देईन की तिला बोटसुद्धा हलवावं लागणार नाही."

जे त्यांना आयुष्यात मिळालं नाही ते त्या मला ओंजळ भरभरून देत होत्या आणि मला त्यात श्वास घेता येत नव्हता. भांडायला समोर दुष्ट माणूस लागतो. इथे माझ्या पायांना आल्याचं पाणी लावणारी बाई होती.

तरीही एकदा मी पळायचा प्रयत्न केला. दुपारची वेळ, बाळ झोपलेलं. मोज्यांच्या पायांनी मी बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गेले. पलीकडे गॅलरीचं दार होतं आणि त्या दाराला पाठ टेकून, स्टुलावर ताठ बसून सासूबाई झोपल्या होत्या. दाराच्या काचेवर आतून वर्तमानपत्र चिकटवलेलं होतं, वाऱ्यासाठी असेल. त्यांच्या मांडीवर त्यांचं भिंग होतं, औषधांच्या बाटल्या वाचायचं. त्यांना ओलांडून जाणं शक्य नव्हतं. मी तिथं उभी राहिले. माझ्याच घरात, माझ्याच स्वयंपाकघराच्या दारात चोरासारखी. मग आत बाळ रडलं आणि माझ्या छातीतून दूध वाहू लागलं, तशी मी परत फिरले. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की महिना संपला तरी मी या खोलीतून पूर्णपणे बाहेर येणार नाही.

महिना सरत आला तशी माझी घालमेल वाढली. पिल्लं उडायला हवी होती. रोज विचारायची, आणि सासूबाई रोज म्हणायच्या, "अजून नाही. मानाच बाहेर काढतायत." एका सकाळी त्या आल्या, स्टुलावर बसल्या आणि वही मांडीवर घेऊन तिची कड पुसत राहिल्या.

"आई?"

"उडाली," त्या म्हणाल्या. "मीट डोळे."

मी मिटले. मला राग आला होता, रडू आलं होतं, दोन्ही गिळलं. "सांगा."

"पिल्लांची आई आज आत आलीच नाही," सासूबाई सावकाश सांगू लागल्या. "खाऊ चोचीत धरून समोरच्या फांदीवर बसली. पोरानं हाका मारल्या. ती ढिम्म. पोर उंबऱ्यावर आलं. खाली बघून घाबरलं, आत गेलं. परत आलं. तिला जायचं होतं आत, तिचे पंख सारखे हलत होते. पण गेली नाही. आत गेली असती तर पोर कधी बाहेर पडलं नसतं." त्यांनी स्टूल जवळ ओढलं. "मग पडलं बाहेर. पडलं म्हणजे पडलंच आधी. मग उडालं."

मी काढत होते. हात आपोआप चालत होता. मला बीळ दिसत होतं, उंबरा दिसत होता, फांदीवरचे हलणारे पंख दिसत होते. इतकं स्वच्छ मला उघड्या डोळ्यांनीही कधी दिसलं नव्हतं.

महिना पुरा झाला त्या सकाळी मी केस धुतले. त्या सुखाबद्दल लिहायला बसले तर वेगळी गोष्ट होईल. ओले केस पुसत बाहेर आले तर सासूबाई बाळाच्या महिन्याची म्हणून शेजाऱ्यांना वाटायची अंडी लाल रंगात रंगवत होत्या, आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "झाड कापलं गं ते. पिल्लं गेल्यावर. वादळाच्या आधी धोक्याची झाडं काढतात ना."

"कधी?"

"परवा."

मला करवत ऐकू आली नव्हती. मी चपला घातल्या आणि खाली गेले.

बागेत सावरीचा बुंधा गुडघ्याएवढा उरला होता. झाड मी कितीतरी वर्षं बघत आले आहे, मेलेलं लाकूडही मला वाचता येतं. कापलेली जागा पांढरी नव्हती, करडी पडून तडकली होती. भोवतालचा भुसा पावसात भिजून, वाळून, पुन्हा भिजून त्याची खपली झाली होती. सालीवर कानासारखी अळंबी उगवली होती. एक जांभळ्या फुलांची वेल बुंध्यावर चढून, पलीकडे उतरून फुललीसुद्धा होती. परवा कापलेलं झाड असं दिसत नाही. मी दवाखान्यात होते तेव्हाच ते गेलं होतं, आणि बीळ असलेला ओंडका आतल्या अंड्यांसकट कुठल्याशा ट्रकात पडला असणार.

बुंध्याच्या मुळाशी लाल कागद चिकटवलेला होता, पावसानं गुलाबी झालेला. झाड तोडण्याआधी झाडाच्या देवाला असा निरोप देतात. त्यापुढे आमच्या घरातली निळ्या माशांची, कड उडालेली वाटी. कोवळ्या पोराच्या घराजवळ वठलेलं झाड अशुभ असतं, हे सासूबाईंकडूनच मी ऐकलं होतं, पहिल्या दिवशी, गॅलरीत. मी तेव्हा हं म्हणून सोडून दिलं होतं. वॉर्डप्रमुखांच्या बायकोशी जमलेलं ते गूळपीठ कशासाठी होतं, ते आता कळलं. वाटीभोवती उदबत्त्यांच्या काड्या होत्या. काळ्या कुजलेल्या, मळकट, त्यावर कालच्या, त्यावर आजची. एखाद्या देवळापुढे असाव्यात इतक्या.

मी जिना चढले ते कडाडून भांडायचं ठरवून. महिनाभर मला खोटं सांगितलं. नसलेली पाखरं माझ्या हातून काढून घेतली. माझ्या वह्या फडताळात सासूबाईंच्या कपड्यांखाली सापडल्या. मी आधी मागच्या वर्षीची उघडली, का कोण जाणे, बहुधा खरं झाड बघायला.

पानापानावर तिळाच्या तेलाचे ठसे होते. शेजारच्या फांदीवर बसून इकडेतिकडे बघणारा नर. त्याच्या चोचीतला नाकतोडा. भुसा बाहेर टाकणं. जे जे त्या मला रोज सांगत होत्या ते सगळं इथे होतं, माझ्याच हातचं, त्याच क्रमानं. बारीक अक्षरांपाशी ठसे दाट होते. तिथे त्यांनी भिंग धरून, बोट ठेवून एकेक शब्द लावला असणार. सुनेचे डोळे सांभाळायला दाराशी स्टूल टाकून बसलेली बाई आपले उरलेसुरले डोळे माझ्या अक्षरांवर घालवत होती.

शेवटचं पान कोरं होतं. मी सोडलं होतं तसंच. सगळ्यांत जास्त ठसे त्या पानावर होते.

मी वही हातात घेऊन स्वयंपाकघरात गेले. त्यांनी वहीकडे पाहिलं, मग माझ्या चपलांकडे, त्यांना लागलेल्या ओल्या भुशाकडे. बोटं लाल रंगात बुडालेली होती, ती तशीच राहिली.

"आई," मी म्हटलं, "महिना संपला ना?"

"संपला."

"मग आता रडलं तर चालतं?"

त्यांनी गॅस बंद केला, पायानं स्टूल माझ्याकडे सरकवलं.

"रड," त्या म्हणाल्या. "पण डोळे चोळू नकोस."